अप्पा डब्याला गेले

निलंग्याच्या भांडे गल्लीत रामलिंगअप्पांचं दुकान कोणतं, हे कुणाला विचारावं लागत नाही. कानावर भरवसा ठेवून चालत राहायचं. भांड्यांचा आवाज सगळ्याच दुकानांतून येतो. जिथं भांड्यांच्या वरताण माणसाचा आवाज येतो ते अप्पांचं.

अप्पांना राग येतो, असं म्हणणं चूक आहे. येण्यासाठी तो आधी गेलेला असावा लागतो. पातळ पत्र्याचं पातेलं लेकीला आंदण देणारा बाप दिसला की राग, स्टीलच्या ताटाला पोह्यांची प्लेट म्हणणारा दिसला की राग, आणि पाण्याची प्लास्टिकची बाटली घेऊन कुणी दुकानात शिरला की त्याला आधी बाटली बाहेर ठेवावी लागते, देवळाबाहेर चप्पल ठेवावी तशी. सकाळी लिंगपूजेला बसतात तेवढा अर्धा तास ते शांत असतात म्हणे. पण त्यांच्या बायको उमाबाई सांगतात, "व्हट हालतात तेवढं दिसतं बघा. आत मंत्र हाय का शिवी हाय, महादेवालाच ठावं."

मी त्यांचा पंचवीस वर्षांचा शेजारी. वकिलीची सनद काढली आणि आयुष्यभर स्टेशनरीचं दुकान चालवलं, म्हणून ते मला चिडवायला "वकीलसाब" म्हणतात. त्यांच्या एकूण रागांपैकी नव्वद टक्के मी ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडलेत. पण एक राग असा आहे की तो आठवला की अजून माझंही डोकं फिरतं. तेवढाच सांगतो.

सुरुवात साखरेपासून झाली. अप्पांच्या रक्तात ती निघाली, ह्यावर गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालायचं. अप्पा म्हणाले, "उगंच? गाढव बी चालतं तर पाठीवर कायतरी घेऊन चालतं."

त्यांची मुलगी दामिनी नांदेडला कॉलेजात भूगोल शिकवते. बापाचा राग तिच्याकडेही आला आहे, पण तो तिनं अभ्यासाला लावला. तिनं तोडगा काढला. म्हणाली, "अप्पा, जिओकॅशिंग करा. कुणीतरी रानात, डोंगरात एक डबा लपवतं. त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. आपण जीपीएस घेऊन जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि होता तसा ठेवून यायचं."

"डब्यात काय असतं?"

"वही. पेन्सिल. एखादी गोटी, किल्लीची साखळी. एक वस्तू घेतली तर एक ठेवायची."

"आन डबा कशाचा?"

"प्लास्टिकचा, अप्पा."

इथं सगळं संपायचं. पण दामिनीनं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी नांदेडच्या आसपास बारा डबे लपवले होते, ते प्लास्टिकचे आहेत म्हटल्यावर अप्पा पेटले. आमच्या घराचा धंदा भांड्याचा आणि पोरगी रानात प्लास्टिक ठेवते? त्यांनी बारा स्टीलचे कडीडबे दुकानातून काढले, प्रत्येकावर मशीननं "उघडा, लिहा, बंद करा" असं कोरलं आणि एसटीनं नांदेडला निघाले. जुने डबे काढून नवे ठेवायचे तर आधी जुने सापडायला हवेत. अशा रीतीनं अप्पा चालायला लागले.

पहिल्यांदा मोबाईल वापरून बघितला. उन्हात पडदा दिसेना, म्हणून धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन बघायचे. बोटाला भस्म असलं की पडदा बोट ओळखेना. आणि ऐन बाभळीच्या बनात उमाबाईंचा फोन यायचा, की गॅसवाला आलाय, पुस्तक कुठं ठेवलंय. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "ज्या यंत्रावर बायकोचा फोन येतो त्याच्यावर वाट सापडत न्हाई." हातात धरायचं खरं जीपीएस घ्यायचं ठरलं आणि मला सोबत नेलं.

नांदेडात मोजणीची यंत्रं विकणारं एक दुकान आहे. दुकानदारानं मोठ्या अदबीनं दोन नग काढले. एक मोठ्या पडद्याचं, रंगीत नकाशाचं, बोटानं चालणारं. दुसरं जाडसर, पिवळं, काळ्यापांढऱ्या पडद्याचं, बटणांचं, साबणाच्या वडीएवढं. दुकानदाराचा कल रंगीताकडे. अप्पांनी दोन्ही कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं वाजवून बघितली.

"गेज किती? पत्रा केवढा जाड?"

दुकानदार म्हणाला, "काका, ह्याला गेज नसतो. ह्याला अँटिना असते."

"ती बी दाखवा."

"ती आत असते."

"आत हाय असं तुम्ही म्हणता. आमच्यात लोक बुडाला तांबं हाय म्हणून सांगतात आन निस्ता रंग दिलेला असतो." मग कागदावर लिहिलेलं त्यांनी मला वाचायला लावलं. पाण्यात मीटरभर खोल अर्धा तास टिकतं, असं होतं. अप्पा म्हणाले, "बादली आणा."

दुकानदार हसला. अप्पा हसले नाहीत. बादली आली. पिवळं यंत्र तिच्यात गेलं आणि अप्पा हाताची घडी घालून शेजारी बसले. अर्धा तास बसले. मी चहा पिऊन आलो. वर काढलं तेव्हा यंत्र सुरू होतं आणि दुकानदाराचा चेहरा बुडाल्यासारखा होता. मग दोन्ही यंत्रं उन्हात रस्त्यावर नेली. रंगीताचा पडदा फिका पडला, काळ्यापांढऱ्याचा उन्हात उलट ठळक झाला. शेवटचा प्रश्न सेलचा. रंगीत यंत्र चार्ज करावं लागायचं, पिवळ्यात दोन पेन्सिल सेल. "पेन्सिल सेल कुठल्या बी खेड्यात किराण्यात भेटतो," अप्पा म्हणाले. "रानात चार्जिंग काय बाभळीला लावू?" पिवळं घेतलं. नकाशा नाही, फोटो नाही, फक्त एक बाण आणि किती मीटर राहिलं तो आकडा. "माणसानं अजून काय सांगायला पायजे?" असं म्हणून त्यांनी ते बंडीच्या खिशात, लिंगाच्या करंड्याशेजारी ठेवलं. त्यांनी एखाद्या वस्तूला दिलेला एवढा मान मी पाहिला नव्हता.

पहिल्याच फेरीला ते अकरा किलोमीटर चुकले. दामिनीनं फोनवर सांगितलं, एकोणीस पॉइंट पंधरा. ह्यांनी यंत्रात भरलं एकोणीस अंश पंधरा मिनिटं. पॉइंट पंधरा म्हणजे शंभरातले पंधरा आणि मिनिटं असतात साठ, हे करडईच्या काट्यात उभं राहून तिच्याकडून ऐकताना अप्पा इतके भडकले, की शेतमालक लांबूनच परत गेला. "एकाच गोष्टीला दोन मापं ठेवणारा माणूस आमच्याच जातीचा वाणी असला पायजे," असं ते नंतर म्हणाले. पण त्या दिवसापासून आकडा वाचण्यात त्यांची चूक झाली नाही, आणि हे पुढं एका माणसाला फार महागात पडलं.

नऊ डबे बदलून झाले. दहावा पिराच्या टाकळीजवळ. मुदखेडच्या रस्त्याला डाव्या हाताला हे गाव लागतं. गावाबाहेर एक बुटकी टेकडी, तिच्या पायथ्याला वेडी बाभूळ. जानेवारीचे दिवस, साल दोन हजार अठरा. अप्पा दामिनीकडे मुक्कामी होते. ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून ते दामिनीची स्कूटी घेऊन पहाटे निघाले आणि फटफटायच्या सुमाराला टाकळीच्या त्या बाभळीत शिरले.

आता चित्र डोळ्यांपुढं आणा. पहाटेची वेळ. धोतर काट्यात अडकू नये म्हणून गुडघ्याच्या वर खोचलेलं. प्लास्टिकची बाटली हाताला लागू देत नाहीत म्हणून पिण्याचं पाणी घेतलेला फिरकीचा तांब्या हातात. यंत्र म्हणतंय चार मीटर, म्हणून अप्पा चार मीटरच्या गोलात उकिडवे बसून दगड उचलून बघताहेत. आणि पाठीमागून शिट्टी.

ते गुड मॉर्निंग पथक होतं. गाव हागणदारीमुक्त करायचं म्हणून सरकारी माणसं पहाटे उठून उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायची, गुलाबाचं फूल द्यायची, फोटो काढायची. मुदखेडकडे गुलाबांना तोटा नाही. टाकळीचे ग्रामसेवक सुदर्शन भाऊसाहेब, वय तिशीच्या आतबाहेर, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, गळ्यात शिट्टी.

"या बाबा, उठा. फूल घ्या."

"कशाचं फूल? मी डबा हुडकून राहिलो."

पथकातले चारपाच जण हसायला लागले. आमच्याकडे खेड्यात डबा म्हटलं की एकच डबा. डब्याला जाणं म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. अप्पांची सगळी हयात डबे विकण्यात गेल्यामुळं बिचाऱ्यांना तेवढा एक अर्थ ऐनवेळी आठवला नाही.

"डबा हरवला व्हय?" सुदर्शन भाऊसाहेब म्हणाले. "मग हातात तांब्या हाय की. काम भागलं."

"अरे, डब्यात वही असते. माझं नाव लिहायचं हाय तिच्यात."

"नाव आमच्या वहीत लिहा. सांगा."

अप्पांनी रागारागानं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, दुकानाचं नाव सांगितलं. आपली ओळख कळली की हे लोक वरमतील असं त्यांना वाटलं. ते सगळं लिहून घेतलं गेलं. हातात गुलाब कोंबला आणि फोटो निघाला.

दोन दिवसांनी निलंग्यात उमाबाईंच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर तो येऊन पडला. खाली मजकूर होता: "यांना लाज कधी येणार?" उमाबाईंनी नांदेडला फोन लावला. "तुमी डब्याला टाकळीला गेल्ता म्हनं. एवढ्या लांब? घरी काय कमी होतं?"

त्या हसत होत्या. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. पण गल्ली हसली ती तशी नाही. अप्पा परत येऊन दुकानात बसले तर गिऱ्हाईक यायचं, मान खाली घालून म्हणायचं, "अप्पा, एक डबा दाखवा की," आणि मागं उभे असलेले तोंडात रुमाल कोंबायचे. मडिवाळप्पा सराफानं तर विचारलं, "झाकणाचा पायजे का बिनझाकणाचा?" बासष्ट वर्षांचा माणूस. ज्याच्या दुकानातल्या डब्यांत अर्ध्या तालुक्याचं पीठ राहतं. तो आठवडाभर गल्ल्यामागं भिंतीकडे तोंड करून बसला. अप्पांचा आवाज बंद झाला, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आठव्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. "वकीलसाब, चला. तो फोटो खाली आला पायजे. ग्रुपवरचा गेला तो गेला. पण दामिनी म्हणती, तिथं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलाय. तिच्या कॉलेजची पोरं तिथून जातात."

आम्ही टाकळीला पोचलो. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर शेजारी शेजारी दोन फळे. डावीकडच्या फळ्यावर तेच वाक्य, लाज कधी येणार, आणि खाली अकरा फोटो. अप्पांचा चौथा. डोळे वटारलेले, हातात गुलाब, तांब्या. सांगू नये, पण क्षणभर मलाही हसू आलं. मग त्याच्या शेजारच्या फोटोवर नजर गेली.

सत्तरीची एक बाई. उठता उठता काढलेला फोटो. एका हातात फूल, दुसऱ्या हातानं तोंडावर पदर ओढायला गेलेली, आणि तो पदर कुणीतरी बाजूला धरलेला. धरणाऱ्याचे फक्त बोटांचे शेंडे फोटोत आलेत. ती बोटं कुणाची होती हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि कळलं नाही हेच बरं.

सुदर्शन भाऊसाहेब बाहेर आले. अप्पा दामिनी मॅडमचे वडील, हे एव्हाना त्यांना कळलेलं. "अप्पा, माफ करा, जरा गैरसमज झाला. बसा, चहा घ्या. तुमचा फोटो काढून टाकतो." आणि त्यांनी टाचणीला हात घातला.

म्हणजे आम्ही ज्यासाठी आलो ते झालं होतं. पण अप्पा बघत होते उजवीकडच्या फळ्याकडे. तिथं मथळा, "आमचे आदर्श लाभार्थी", आणि बावीस फोटो. प्रत्येकात एक माणूस नव्या संडासापुढं उभा. तिसऱ्या ओळीत तीच म्हातारी, पदर डोक्यावर नीट, ताठ उभी. मागं निळा दरवाजा. आणि प्रत्येक फोटोच्या तळाशी बारीक पिवळे आकडे. अक्षांश, रेखांश. मोबाईलनं आपोआप छापलेले.

दुसरा कुणी असता तर त्यानं चेहरे बघितले असते. अप्पांनी आकडे बघितले.

"थांबा," ते म्हणाले. "माझ्या फोटोला हात लावू नका."

"अप्पा, तुमचाच काढतोय."

"तेच म्हणून राहिलो. माझाच का काढताय? ही बाई कोण?"

"ती केवळाबाई. तिला घरी संडास बांधून दिलाय, तरी बाहेर जाते. सवय वाईट."

अप्पा हळूच कन्नडात काहीतरी बोलले. मला कन्नड येत नाही, पण ते मंत्रातलं नव्हतं. मग खिशातून चष्मा काढला आणि बावीस फोटोंखालचे आकडे ओळीनं वाचत गेले. पॉइंटनंतरचे पहिले चार आकडे बावीसच्या बावीस ठिकाणी तेच. "वकीलसाब, चौथा आकडा म्हणजे अकरा मीटर. बावीस घरं अकरा मीटरमध्ये बसतात का? माझ्या दुकानात बावीस पातेली बसत न्हाईत तेवढ्यात." एवढं म्हणून त्यांनी आकडे यंत्रात भरले. त्यांचा आवाज चढला नव्हता. भाऊसाहेबांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांना चढलेल्या आवाजाची सवय.

केवळाबाईचं घर गावाच्या मागच्या अंगाला. एक खोली, पुढं चूल. संडास तिथं नव्हताच, बांधायला जागाही नव्हती. अप्पांनी चौकटीबाहेर चप्पल काढली.

"मावशी, तुमी त्या फोटोत उभ्या आहात तो संडास कुणाचा?"

"मला काय ठावं. गाडीत बसवून नेलं. म्हनले, हितं उभी ऱ्हा. उभी ऱ्हायले. म्हनले, झालं, जा."

"आन दुसरा फोटो?"

तिनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. मग म्हणाली, "म्या आता मागून जाते पान्याला. नाल्याकडून. ग्रामपंचायतीपुढून जात न्हाई." नाल्याकडून नळ दुप्पट लांब. डोक्यावर हंडा घेऊन, सत्तराव्या वर्षी.

"काढायला सांगू का तो? आत्ता काढतील."

तिनं मान वर केली. "गुपचूप काढू नगा. लावताना समद्यांपुढं लावला. काढायचा तर समद्यांपुढं काढा."

सव्वीस जानेवारी तीन दिवसांवर होती. त्या दिवशी ग्रामसभा असतेच. अप्पा निलंग्याला परतलेच नाहीत. दामिनीकडे राहिले आणि तीन दिवस ते इतके शांत होते, की तिनं त्यांची साखर दोनदा तपासली.

सव्वीसला मी पुन्हा टाकळीला पोचलो. झेंडावंदन झालं, लाडू वाटले, माणसं पांगायच्या बेतात असताना सभा सुरू झाली. सरपंच किशनराव खुर्चीत, शेजारी भाऊसाहेब रजिस्टर घेऊन. विषयपत्रिकेवर पहिलाच विषय, गाव हागणदारीमुक्त झाल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव. अप्पा उभे राहिले.

भाऊसाहेब म्हणाले, "अप्पा, तुम्ही ह्या गावचे मतदार नाहीत. बोलता येत नाही."

"मतदार न्हाई, तर तुमच्या भिंतीवर माझा फोटो कसा?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी उगाच वकिली चेहरा केला. आयुष्यात पहिल्यांदा सनद उपयोगाला आली.

"मला भाषण करायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "ह्या बाईचा संडास हरवलाय. सरकारी फोटोत हाय, घरी न्हाई. तेवढा हुडकून द्या, मग अभिनंदन करा." आणि त्यांनी ते पिवळं यंत्र केवळाबाईच्या हातात दिलं. "मावशी, ह्यात बाण हाय. चालायला लागलं की त्यो दाखवील तिकडं जायचं. आकडा कमी कमी होत जाईल."

"मला आकडे येत न्हाईत."

"बाण येतो नव्हं?"

"बान येतो."

किशनराव खुर्चीतून म्हणाले, "ही ग्रामसभा हाय का जत्रा?" पण केवळाबाई चालायला लागली होती. तिच्यामागं अप्पा, अप्पांमागं मी, आणि मागं बघतो तर सगळा गाव. त्यातल्या बऱ्याच जणांचे फोटो उजवीकडच्या फळ्यावर होते. एक तरणाबांड गडी म्हणाला, "भाऊसाब, या की. रोज पहाटे शिट्टी फुंकीत आमच्यामागं येता, आज दिवसा या." भाऊसाहेब आले. न येऊन करतात काय.

केवळाबाई यंत्र दोन्ही हातांत, आरतीचं ताट धरावं तसं धरून चालली. थांबली की बाण गरगरायचा, ती म्हणायची, "भटकलं बगा," अप्पा म्हणायचे, "चालत ऱ्हावा, थांबलं की त्याला बी कळत न्हाई." गाव संपलं. हरभऱ्याचं रान लागलं. मग केळीच्या बागेच्या कडेनं वाट वळली आणि ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं, कारण पुढं फक्त किशनरावांचं शेत होतं. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, गोठ्याच्या मागं, यंत्र पिं पिं करून वाजलं.

निळा दरवाजा. त्याला कुलूप. भिंतीला चुना, आणि चुन्यावर कुणा एकाचं नाव. अप्पांनी तांब्यातलं पाणी भिंतीवर मारलं आणि धोतराच्या सोग्यानं घासलं. वरच्या नावाखालून दुसरं नाव आलं. त्याच्याखालून तिसरं. चाळीस वर्षं भांड्यांवर नावं घातलेला माणूस. खोडलेलं नाव त्यांना लिहिलेल्याहून लवकर दिसतं. चौथ्या थराला "केवळा" एवढं दिसलं.

आता अप्पांचा आवाज आला. निलंग्याच्या गल्लीतला तो आवाज टाकळीच्या केळीतून फिरून परत आला. "भाऊसाहेब, एका संडासावर बावीस माणसं उभी केली. एकाच पातेल्यावर बावीस नावं घालून बावीस लग्नांत आहेर करावा, तसं. बरं, केलं ते केलं, खाल्लं ते खाल्लं. पण जिचा संडास तुम्ही कागदावर बांधला, तिलाच पहाटे शिट्टी मारून उठवता? तिचा पदर धरता? लाज कधी येणार म्हणून लिहिलंय फळ्यावर. मी हितं उभा हाय. सांगा कधी येणार ते."

भाऊसाहेबांनी किशनरावांकडे बघितलं, किशनरावांनी गोठ्याकडे.

"ह्ये मी माझ्या गड्यांसाठी बांधलंय," किशनराव म्हणाले.

केवळाबाई पुढं झाली. "पर नाव माझं हाय की. किल्ली द्या."

"केवळाबाई, उगं—"

"नाव माझं हाय. उघडा."

किल्ली आखाड्यातल्या खुंटीला होती. गडी घेऊन आला. दार उघडलं. आत छतापर्यंत सोयाबीनची पोती. केवळाबाईनं वाकून बघितलं, नीट बघितलं, आणि मागं वळून गावाला सांगितलं, "माझ्या संडासात ह्येंचं सोयाबीन हाय."

मग गाव हसला. डावीकडच्या फळ्याला जो हसत होता तोच गाव, पण तोंड दुसरीकडे वळलं होतं. दोनचार पोरांनी मोबाईल वर काढले, भाऊसाहेबांच्या तोंडासमोर धरले. अप्पा त्यांच्यावर असे काही तुटून पडले, की मोबाईल परत खिशात गेले. "त्याचा फोटो काढून काय करताय? फळ्यावर लावताय? मग तुमच्यात आन त्याच्यात फरक काय राहिला? चला, आधी तो फळा."

परत ग्रामपंचायत. सुदर्शन भाऊसाहेब स्टुलावर चढले आणि सगळ्यांपुढं एकेक टाचणी काढायला लागले. अकरा फोटो. केवळाबाईनं आपला हातात घेतला, न बघता उलटा धरला. मग बोट उजवीकडच्या फळ्याकडे केलं.

"त्यो बी काढा."

"तो चांगला आहे, बाई. त्यात तुम्ही—"

"ती म्या न्हवं. माझ्याकडं संडास न्हाई."

तोही निघाला. त्यानंतर एकेक जण पुढं येऊन आपापला मागायला लागला. दुपारी बाराला दोन्ही फळे मोकळे होते. अभिनंदनाचा ठराव झाला नाही.

भाऊसाहेब स्टुलावरून उतरले, घाम पुसला आणि अजीजीनं म्हणाले, "अप्पा, झालं ना तुमच्या मनासारखं? आता तरी राग सोडा."

"काय झालं?" अप्पा म्हणाले. "फोटो निघाला. उद्या पहाटे ही बाई कुठं जाणार, ते सांगा."

पुढं चौकशी झाली, कागद वर गेले, खाली आले. भाऊसाहेबांची बदली झाली, किशनराव पुन्हा निवडून आले. केवळाबाईच्या वस्तीतल्या बायकांसाठी सहा सीटांचा संडास सव्वा वर्षानं उभा राहिला, तोही अप्पा दर महिन्याला येऊन पंचायतीच्या ओसरीवर ओरडून जायचे म्हणून. निलंग्यात त्यांच्याकडे कुणी हसत डबा मागितला, तर ते आता विचारतात, "स्टीलचा का टाकळीचा?" आणि विचारताना हसत नाहीत.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. लोक पांगले. केवळाबाईनं दोन्ही फोटो चुलीत घालायला म्हणून घडी करून कनवटीला लावले, ओसरीच्या खांबाजवळ ठेवलेला रिकामा हंडा उचलला. नाल्याकडे जाणारी वाट डावीकडे होती. ती तिकडं वळली नाही. ग्रामपंचायतीच्या पुढून, भर रस्त्यानं, नळाकडे गेली.